चिंतेसाठी थेरपी सुरू करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास पुरत नाही आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ अशी पक्की खात्री. असं झालेला माणूस आधी फिजिशियनकडे धावतो, आणि ते योग्यच आहे. थायरॉइड वाढलेलं असलं, रक्त कमी असलं, दम्याचा पंप जरा जास्तच वेळा मारला गेला असला, दिवसाकाठी सात-आठ कप चहा पोटात जात असला, तरी हुबेहूब असंच होऊ शकतं. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर हसून सांगतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ माणूस घरी येतो आणि विचार करत बसतो, टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे करायचं तरी काय?

थेरपीत या प्रश्नावर काम होतं. पण थेरपी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक सिनेमातलं, कोचावर आडवं पडून बालपण सांगणारा पेशंट. दुसरं घरगुती, कुणीतरी शहाणासुरता माणूस तासभर धीराच्या चार गोष्टी सांगणार, आणि तेवढं तर आपला मामाही फुकटात सांगतो. चिंतेवरची आजची थेरपी या दोन्हींपेक्षा फिजिओथेरपीच्या जास्त जवळची आहे. आखडलेला खांदा कसा हलवायचा ते फिजिओ दाखवतो, हलवायचा आपणच, घरी, रोज, आणि सुरुवातीला थोडं दुखणारच. हे आधी माहीत असेल तर तिसऱ्या सत्रानंतर ‘मला तर उलट जास्तच त्रास होतोय’ म्हणून सोडून देण्याची वेळ येत नाही.

काळजी वाटणं हा काही आजार नाही. दहावीचा निकाल, आईचं ऑपरेशन, नोकरीत कपातीची कुजबुज, अशा वेळी काळजी वाटणार नाही तर काय? प्रश्न येतो तो काळजी कारणाच्या मापाबाहेर गेली, आठवड्यांमागून आठवडे टिकली आणि तिच्यापायी झोप, काम, घरातली माणसं यांच्यावर परिणाम होऊ लागला की. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यासाठी ‘जीएडी-७’ नावाची छोटी प्रश्नावली वापरतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाच, दहा आणि पंधरा हे सौम्य, मध्यम आणि तीव्र चिंतेचे टप्पे मानतात. दहा किंवा त्यापुढे आकडा गेला तर तज्ज्ञाला दाखवावं. हे निदान नव्हे, चाळणी आहे. आकडा आठ आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

भारतात असा त्रास असलेले बहुतेक जण कुठल्याच उपचारापर्यंत पोचत नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य आणि चिंतेसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांबाबत हे प्रमाण सुमारे ८५ टक्के निघालं. लाज, पैसा, अंतर ही कारणं आहेतच. पण चिंतेच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात मोठं वाटतं. चिंता माणसाला टाळायला शिकवते, आणि टाळण्याच्या यादीत थेरपिस्टला करायचा फोनही येऊन बसतो.

टाळण्याचं गणित

हे टाळणं कसं चालतं ते नीट समजलं की थेरपीतला निम्मा भाग समजला. एक कल्पित उदाहरण घेऊ. ठाण्यात राहणारा, फोर्टात नोकरी करणारा पस्तिशीचा एक गृहस्थ. त्याला सुधीर म्हणू. एका सकाळी फास्ट लोकलमध्ये, मुलुंड मागे पडल्यावर, गर्दीत त्याला अचानक गुदमरल्यासारखं होतं. घाम फुटतो, ओठ बधिर होतात, हार्ट अ‍ॅटॅकच आला असं वाटतं. घाटकोपरला तो कसाबसा उतरतो, बाकावर बसतो, पाणी पितो. दहा-पंधरा मिनिटांत सगळं निवळतं.

झालं असं, की धोका जाणवल्यावर शरीराने अ‍ॅड्रेनलिन सोडलं. हृदय जोरात धावू लागलं, श्वास भराभर व्हायला लागला. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि त्यानेच ओठांना-बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्या मुंग्यांचा सुधीरने अर्थ लावला, ‘अ‍ॅटॅक’. या अर्थाने भीती वाढली, भीतीने आणखी अ‍ॅड्रेनलिन, त्याने आणखी धडधड. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं हे चक्र मांडलं, आणि आजही बहुतेक थेरपिस्ट पहिल्या-दुसऱ्या सत्रात कागदावर हेच वर्तुळ काढून दाखवतात. पॅनिकची लाट साधारण काही मिनिटांत टोकाला जाते आणि नंतर आपोआप ओसरते. सुधीर घाटकोपरला उतरला नसता, तरी ओसरलीच असती.

पण मेंदूने धडा वेगळाच घेतला: उतरलो म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवसापासून सुधीर स्लो लोकल पकडतो, कारण ती दर तीन-चार मिनिटांनी थांबते. मग दाराजवळची जागा. मग बॅगेत पाण्याची बाटली. मग पाकिटात झोपेच्या गोळीची स्ट्रिप, घ्यायची म्हणून नाही, असावी म्हणून. मग फर्स्ट क्लासचा पास. मग घाटकोपर येईपर्यंत बायकोशी फोनवर बोलत राहणं, आणि तिनेही बिचारीने रोज ‘काही होणार नाही रे’ म्हणणं. मग शेअर टॅक्सी. मग बॉसला सांगून आठवड्यातले तीन दिवस घरून काम. सहा महिन्यांनी बघाल तर त्याला एकही मोठा झटका आलेला नसतो, आणि त्याचं जग ठाणे पश्चिमेएवढं झालेलं असतं.

यातलं प्रत्येक पाऊल त्या क्षणी शहाणपणाचं वाटतं, कारण प्रत्येक वेळी लगेच हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच चिंतेचं खाद्य आहे. टाळलं की सुटका, सुटका झाली की पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी घट्ट. आणि ‘न उतरता काय झालं असतं’ हे तपासून बघायची संधी मेंदूला मिळतच नाही. लोकलच्या जागी मीटिंगमध्ये बोलणं घाला, लिफ्ट घाला, मुलाने फोन उचलला नाही की लागोपाठ दहा वेळा लावणं घाला, रात्री दोन वाजता लक्षणं गुगल करणं घाला. सांगाडा तोच.

घरच्यांनी इथे जरा थांबून वाचावं. धीर देणं चूक नाही, पण तोच प्रश्न दिवसातून वीस वेळा आणि तेच उत्तर वीस वेळा, असं झालं की तुमचं उत्तर म्हणजे पाकिटातली आणखी एक स्ट्रिप होऊन बसतं. चांगला थेरपिस्ट कधी कधी एका सत्राला नवऱ्याला, बायकोला किंवा आईला बोलावून घेतो ते यासाठीच. ‘काही होणार नाही’ऐवजी ‘भीती वाटतेय ना, वाटू दे, मी आहे इथेच’ एवढं म्हणायला शिकणं घरच्यांनाही सोपं जात नाही.

मग सत्रात करतात काय?

चिंतेसाठी ज्या पद्धतीचा अभ्यास सगळ्यात जास्त झालाय ती कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी. हिचे दोन पाय आहेत: विचार तपासणं, आणि ज्याला भितो त्याच्याकडे टप्प्याटप्प्याने जाणं. लोक पहिल्याबद्दल फार बोलतात. चिंतेत खरा जोर दुसऱ्याचा.

सुधीरचा थेरपिस्ट आधी त्याच्या शरीराची भीती मोडेल. केबिनमध्येच मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावेल, फिरत्या खुर्चीवर गरगर फिरवेल, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगेल. मुंग्या येतात, गरगरतं, सगळं लोकलमधल्यासारखंच होतं, आणि दोन मिनिटांत जातं. ‘हे मी स्वतः आणू शकतो आणि ते आपोआप जातं’ हा अनुभव शंभर वेळा ऐकलेल्या ‘काही होत नाही’पेक्षा जास्त पटतो. (हृदयविकार, दमा, फिट्स असतील किंवा गर्भारपण असेल तर हे आधी सांगायचं. आणि हे व्हिडिओ बघून एकट्याने करायचं नाही.)

मग येते शिडी. कशाला किती भीती वाटते याला ० ते १०० आकडे द्यायचे आणि खालून चढायला लागायचं. रविवारी दुपारी ठाणे स्टेशनवर जाऊन नुसतं बसणं, गाड्या जाऊ देणं: २५. स्लोने मुलुंडपर्यंत: ४०. स्लोने घाटकोपर: ५०. रविवारची फास्ट घाटकोपर: ६५. कामाच्या दिवशी अकराची फास्ट, दाराजवळ उभं न राहता: ८०. साडेआठची फास्ट, बाटली-स्ट्रिप-फोनशिवाय, थेट सीएसएमटी: १००. प्रत्येक पायरीआधी वहीत लिहायचं, ‘मला वाटतं काय होईल आणि किती खात्री आहे’. सुधीर लिहितो, ‘मुलुंडनंतर चक्कर येऊन पडेन, ८० टक्के.’ परत आल्यावर लिहायचं, काय झालं. ‘धडधडलं. पडलो नाही. विक्रोळीनंतर कमी झालं.’ अशा दहा-पंधरा नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलायला लागते. (खरं तर पॅनिकमध्ये रक्तदाब घसरण्याऐवजी बहुधा थोडा वाढतो, म्हणून चक्कर येऊन पडण्याचे प्रसंग विरळा. रक्त किंवा सुई बघून भोवळ येणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना वेगळं तंत्र शिकवतात.)

शिडीची ही कल्पना जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या सुमारास ती पद्धतशीर मांडली, तेव्हा प्रत्येक पायरीवर अंग सैल सोडायला शिकवत असत. आता बरेच थेरपिस्ट ते मुद्दाम गाळतात. कारण दीर्घ श्वासही पाण्याच्या बाटलीसारखा होऊ शकतो: ‘श्वासाचा व्यायाम केला म्हणून वाचलो.’ आपल्याकडे प्राणायाम आणि नामस्मरणाबद्दल हा प्रश्न हमखास येतो. रोज सकाळी करत असाल तर छान, चालू ठेवा. पण लोकलमध्ये भीती पळवून लावायचं हत्यार म्हणून वापरत असाल तर थेरपिस्टला सांगा, त्यावर बोलावं लागेल.

ज्यांची चिंता लोकलसारखी एका जागी बांधलेली नसते, सगळ्यालाच चिकटते, त्यांच्यासाठी विचारांचं काम जास्त लागतं. फिलाडेल्फियाचे डॉक्टर अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात, आणि त्याआधी १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी, हे काम उभं केलं. एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकांना तशी परकी नाही, मुंबईचे किशोर फडके यांनी ती इथे रुजवली. एलिसचं म्हणणं साधं आहे: इच्छा त्रास देत नाही, हट्ट देतो. मुलगी वेळेवर घरी यावी ही इच्छा झाली. ती सुखरूपच आहे याची मला आत्ताच्या आत्ता खात्री हवीच, हा हट्ट झाला. अशी खात्री जगात कुणालाच मिळत नाही, म्हणून हट्ट धरला की मन जळत राहतं.

इथे थेरपिस्ट ‘सकारात्मक विचार करा’ म्हणत नाही. म्हणत असेल तर मला शंका येईल. तो प्रश्न विचारतो. ही काळजी ज्यावर आज काही करता येईल अशी आहे, की नुसती ‘समजा असं झालं तर’ची? पहिली असेल तर काय करायचं ते ठरवून टाकू. दुसरी असेल तर तिला दिवसातली ठरलेली वेळ देऊ, समजा संध्याकाळी सहा ते सव्वासहा. दुपारी काळजी आली की चिठ्ठीवर एक ओळ लिहायची आणि सहापर्यंत बाजूला ठेवायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण करून पाहणाऱ्यांना बऱ्याचदा दिसतं की सहा वाजता चिठ्ठीवरच्या निम्म्या ओळींत दम उरलेला नसतो, आणि मुख्य म्हणजे काळजी पुढे ढकलता येते, ती हुकूम नसते.

किती दिवस लागतात? ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण चिंताविकारासाठी आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते १५ सत्रं आणि पॅनिकसाठी एकूण ७ ते १४ तास असा अंदाज दिलाय. लहानपणचा मोठा आघात, व्यसन, नैराश्य बरोबर असेल तर जास्त. पण निव्वळ चिंतेसाठी ‘वर्षानुवर्षं यावं लागेल’ असं पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं, तर का ते विचारा.

कोणाकडे जायचं, आणि पाटीवरचं काय वाचायचं

सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी वगैरे झालेले डॉक्टर. इथे सांगितलेल्या तिघांत औषध फक्त तेच देऊ शकतात. काही जण थेरपीही करतात, पण भरल्या ओपीडीत पेशंटमागे दहा मिनिटं मिळत असतील तर ती होणार नाही हे उघड आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रात एमए-एमएस्सीनंतर दोन वर्षांचं एमफिलसारखं प्रशिक्षण रुग्णालयात घेतलेले. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर कुणी रागवू नये. तिसरे समुपदेशक. यांत मानसशास्त्र किंवा समाजकार्यातले उत्तम, अनुभवी लोक आहेत, आणि दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. ‘काउन्सेलर’ आणि ‘थेरपिस्ट’ हे शब्द पाटीवर कुणीही लिहू शकतो, म्हणून विचारपूस आपणच करायची.

मात्र डिग्री म्हणजेच सगळं असंही नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसोबत काम करायला बसवलं गेलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली आलेल्या या अभ्यासात सरकारी केंद्रांतले रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे जास्त प्रमाणात बरे झालेले दिसले. त्या लोकांना ठरलेली पद्धत होती, वर देखरेख करणारे तज्ज्ञ होते. म्हणून कुठल्याही थेरपिस्टला विचारायचा माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: ‘तुमच्या कामावर देखरेख कोण करतं, अडलं तर तुम्ही कोणाला विचारता?’ चांगल्यांना हा प्रश्न आवडतो.

फोनवर काय बोलायचं, याचीच धास्ती असेल तर मेसेज करा, बहुतेकांना चालतो. एवढं पुरेल: ‘दोन-तीन महिन्यांपासून सतत घाबरल्यासारखं होतंय. चिंतेसाठी तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? फी किती, वेळ रद्द झाली तर काय नियम? मराठीतून बोलता येईल का?’ शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. शहरांतल्या पुष्कळ थेरपिस्टांची सवय इंग्रजीची असते. आपण घरात ज्या भाषेत भांडतो, त्या भाषेत भीती सांगता आली पाहिजे.

पैशांचं म्हणाल तर खासगीत एका सत्राला काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत, कुठलाच एक दर नाही. बरेच जण परिस्थितीप्रमाणे फी कमी करतात, पण तुम्ही विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग चालतो. येरवडा म्हटलं की घरच्यांचा चेहरा पडतो हे मान्य, पण ओपीडी म्हणजे ओपीडी, दाखवून घरी यायचं. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. सरकारी ठिकाणी गर्दी फार, थेरपीला वेळ अपुरा मिळतो. तरी निदान आणि औषधासाठी तिथे गेल्याने खिसा वाचतो.

केंद्र सरकारची टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही. दर आठवड्याच्या थेरपीची जागा तो घेणार नाही, पण ‘कुठे जाऊ’ एवढं विचारायलाही लावता येतो. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. १४४१६ किंवा ११२ लावा, घरातल्या कुणाला तरी सांगा, नाहीतर जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सरळ जा.

विम्याबद्दल एक. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा लागतो. मात्र बहुतेक पॉलिसी मुळात रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात. पॉलिसीत ओपीडीचा भाग असेल तरच थेरपीच्या फीचं काही निघेल.

पहिला तास

साधारण पन्नास मिनिटं. त्यात थेरपिस्ट जास्त विचारतो, तुम्ही जास्त बोलता. केव्हापासून, काय झालं की वाढतं, झोप, दारू-सिगारेट, घरात आणखी कुणाला, औषधं कोणती. ‘स्वतःला इजा करून घ्यावी असं कधी वाटलं का’ हा प्रश्नही येईल. दचकू नका, तो सगळ्यांनाच विचारतात, आणि विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही.

‘तुम्हाला काय बदललेलं हवंय?’ या प्रश्नाची तयारी मात्र करून जा. ‘टेन्शन जावं’ हे उत्तर कामाचं नाही. टेन्शन कुणाचंच पूर्ण जात नाही, मग थेरपी कधी संपली ते कळणार कसं? ‘साडेआठच्या फास्टने ऑफिसला जायचंय’, ‘पालकसभेत उभं राहून एक प्रश्न विचारायचाय’, ‘मुलीला एकदाच फोन करून थांबायचंय’, अशी उत्तरं चालतात.

तुम्ही सांगितलेलं बाहेर जात नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्याच कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, लहान मुलावर लैंगिक अत्याचार असे ठरावीक अपवाद आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत सांगणं थेरपिस्टचं काम आहे. ‘तुमच्या आईंशी मी बोलून घेते’ असं तुमच्या परवानगीशिवाय झालं, तर ते बरोबर नाही.

ऑनलाइन थेरपी चिंतेसाठी चांगली चालते. अडचण असते ती घराची. वन बीएचकेत सासू बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत असताना मनातलं बोलणार कसं? लोक पार्किंगमधल्या गाडीत बसून सत्र करतात, गच्चीवर जातात, मैत्रिणीची खोली तासभर मागून घेतात. थेरपिस्टला आधी सांगितलं तर तो मध्येच कुणी आलं तर काय करायचं तेही ठरवून ठेवतो.

गोळ्यांचं काय?

थेरपी की औषध, असा सामना लावायचं कारण नाही. त्रास मध्यम-तीव्र असेल तर दोन्ही बरोबर चालतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्यांची सवय लागत नाही, पण त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू उतरवतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामचं वेगळं. त्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणूनच सवय लावतात. थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठीक. शेजारच्या काकूंच्या डब्यातून उसनी घेतलेली मात्र अजिबात नाही. शिडी चढण्याआधी ही गोळी घेतली तर श्रेय गोळीला जातं आणि शिकणं होत नाही, हे थेरपिस्ट आणि डॉक्टर दोघांना माहीत असायला हवं. त्यासाठी त्या दोघांची एकमेकांशी गाठ घालून द्या.

पटतंय की नाही, कसं ओळखायचं

पाच-सहा सत्रांनंतर स्वतःला विचारा. माझ्या चिंतेचं चक्र मला कागदावर काढता येतं का? दोन सत्रांच्या मध्ये करायला काही मिळतं का? जे टाळत होतो त्यातलं निदान एक तरी केलं का? धडधड अजून होत असेल, ती शेवटी कमी होते. पण दर आठवड्याला येऊन मन मोकळं करायचं, बरं वाटायचं, परत गुंता, परत मोकळं, एवढंच चालू असेल तर तेही एक प्रकारचं हायसं वाटणंच आहे. थेरपिस्टला तोंडावर सांगा. तो चिडला तर तिथेच उत्तर मिळालं. ‘बरोबर आहे, पुढच्या वेळी शिडी काढू’ म्हणाला तर थांबा. ‘तीन सत्रांत गॅरंटी’ म्हणणारा, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी नावानिशी सांगणारा, पत्रिका मागणारा, रात्री अपरात्री खासगी गप्पा मारू बघणारा, यांना मात्र दुसरी संधी द्यायची गरज नाही. थेरपिस्ट बदलताना अपराधी वाटून घेऊ नका, नुसता मेसेज टाकला तरी चालतो.

शेवटाकडे सत्रं पंधरा दिवसांनी, मग महिन्याने होतात. शेवटच्या एक-दोन भेटींत एक कागद तयार करतात: माझी सुरुवातीची लक्षणं कोणती, मी कुठल्या गोष्टी आधी टाळायला लागतो, तेव्हा शिडीच्या कुठल्या पायरीवर परत जायचं. सुधीरच्या कागदावर पहिली ओळ असेल, ‘पुन्हा स्लो पकडावीशी वाटली तर’. चिंता परत डोकावते, बाळंतपणानंतर, नोकरी बदलताना, आजारपणात. तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. एक-दोन सत्रांसाठी परत जाता येतं, आणि जुन्या थेरपिस्टकडे जुनी फाइल असतेच.